एका घमेल्याची जागा

ऑक्टोबर लागला की इथलं तळं बिघडतं. मी त्याला तळंच म्हणते, कारण नकाशावर तसं लिहिलंय. पण काठावर उभं राहिलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही. वारा सुटला की लाटा दगडी बांधावर आपटतात, त्यांचे शिंतोडे पार सायकलींच्या वाटेवर येतात, आणि वर पांढरे पक्षी भांडत असतात. दर्याच तो. फक्त त्याला वास नाही. चिखलाचा नाही, मिठाचा नाही, सुकत घातलेल्या मासळीचा नाही. नाकाला काहीच न सांगणारा दर्या मी शिकागोला आल्यावर पहिल्यांदा पाहिला.

आले त्या वर्षी ओंजळीत घेऊन चाखला होता. कुणी बघत नाही ना, हे आधी बघून घेतलं. मग बाबांना फोनवर सांगितलं.

“गोडं?” बाबा म्हणाले.

“गोडं, बाबा.”

“एवडं सगलं गोडं? नि भरती?”

“भरती नाय. ओहोटी पन नाय.”

मग म्हणाले, “मंग ती मानसं भात का नाय लावत?”

पेणच्या खाडीकडे आमचं गाव. आमची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक लांबच लांब बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. तो आहे म्हणून शेत आहे, घर आहे, घरासमोर जिताडा मासा पाळायचं तळं आहे. पूर्वजांनी खाडीकडून हातांनी मागून घेतलेली जमीन ती, आणि खाडी ती कधी परत मागेल याचा नेम नाही. मागते ती नेमकी आश्विनात. शेतात राता, म्हणजे खाऱ्या जमिनीतला आमचा तांबडा भात, पिकून लाल झालेला असतो, विळ्यांना धार लावून झालेली असते, आणि पुनवेचं उधाण सगळ्यात मोठं असतं. त्यामुळे आमच्याकडे कापणीचा मोसम हाच धास्तीचा मोसम. मला काळजी करायची जी सवय आहे ती या मोसमाने लावली. इथे बाराव्या मजल्यावर राहते तरी वारा सुटला की आधी कानोसा घेते, बांध धरून आहे का.

मी आठवीत असताना बांध धरून राहिला नाही. पहाटे आरडाओरडा झाला, खांड गेली, खांड गेली. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. उजाडताना आम्ही ओटीवरून पाहिलं तर पाणी शेतात शांत उभं होतं. मला वाटलं होतं, मोठा आवाज असेल, फेस असेल. तसलं काही नव्हतं. आरशासारखं पाणी, त्याच्याखाली पिकलेला राता, एखाद्या बाईने केस मोकळे सोडून झोपावं तसा एका बाजूला आडवा झालेला. आणि त्या केसांतून मासे फिरत होते. आमच्या तळ्यातला जिताडाही त्यांच्यातच कुठेतरी निघून गेला.

खांड ओहोटीला बुजवतात. सगळं गाव चिखलात उभं राहतं, लाकडी मेढी ठोकतात, पेंढा घालतात, चिखल हातोहात पुढे जातो. आणि शेवटचा हातभर राहिला की थांबतात. ही आमच्या गावची रीत. तो शेवटचा हात एकट्याने बुजवायचा नाही. घरटी एक घमेलं. ज्याचं त्यानं टाकायचं. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं टाकायचं नाही, आणि भावकीत बोलणं नसलं तरी कुणाला वगळायचं तर अजिबात नाही. गावातला एखादा म्हातारा बांधावर उभा राहून ओरडतो, “कोनाचं ऱ्हायलं?” कुणाचंच राहिलं नाही अशी खात्री झाली की मग त्यावरून चालायचं. ज्याचं घमेलं त्यात नाही, त्याचा बांध नाही.

त्या दिवशी आई तापाने पडली होती. बाबा पलीकडच्या बाजूला गळ्याइतक्या पाण्यात मेढी धरून होते. संतोष, माझा भाऊ, तेव्हा रांगत होता. “कोनाचं ऱ्हायलं?” म्हातारा ओरडला, आणि सगळे आमच्या घराकडे पाहायला लागले. घमेलं मी उचललं. चिखल जड असतो, भातापेक्षा कितीतरी जड. मी ते टाकलं म्हणण्यापेक्षा त्याच्याबरोबर मीच थोडी आत गेले. बायका हसल्या. “अगो, घमेलं टाक, सवताला नको टाकू!”

पाणी दुसऱ्या दिवशीच उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, बाहेर गेलं. मीठ गेलं नाही. जमीन सुकली तशी तिच्यावर पांढरी साय धरली. ते मीठ पाऊसच धुतो, आणि त्याला पावसाळेच्या पावसाळे लागतात. मला रोह्याच्या आत्याकडे पाठवलं. रोह्याची म्हणजे तशी अष्टमीची. कुंडलिका नदीच्या अलीकडे अष्टमी, पुलावरून पलीकडे रोहा. “पानी उतरंपर्यंत जा,” आई म्हणाली होती. शाळेचं दप्तर नेलं होतं मी. पण आत्या पोह्याच्या गिरणीत जायची, तिच्यासोबत मीही जायला लागले. भट्टीत परतलेल्या भाताचा तो करपट-गोड वास, पट्ट्याचा खडखडाट, चाळणीखाली उभं राहिलं की भुवयांवर बसणारा कोंडा. दप्तर आत्याच्या फळीवर तसंच राहिलं. मला कुणी शाळा सोड म्हणालं नाही. ती बांधासारखी एका रात्रीत फुटलीही नाही. झिरपत गेली.

आत्याने मला ताटात कधी दुजाभाव दाखवला नाही, हे लिहून ठेवते. गिरणीचा पट्टा तुटला की कंपनीतला एक फिटर दुरुस्तीला यायचा. आत्याच्या लक्षात आलं की पट्टा हल्ली फारच वेळा तुटतो. तेच आमचे हे. पुढे त्यांच्या कंपनीने त्यांना इथे मशीन बसवायला पाठवलं, इथल्या लोकांनी ठेवून घेतलं, आणि मागोमाग मी. आता एका देशी दुकानाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. शिफ्ट दुपारची. सकाळ माझी असते.

अशाच एका सकाळी मी लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसले. मोठ्या माणसांसाठी फुकट वर्ग असतो तो. शिकवायला हेलनबाई, निवृत्त शिक्षिका, वयाने माझ्या आत्यासारख्या आणि आवाजानेही. आठवीतून उठलेली बाई इतक्या वर्षांनी पुन्हा बाकावर बसली तर तिला काय वाटतं ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. नुसती खिडकीजवळची जागा दिली. त्या जागेचं ऋण मी अजून बाळगते.

गेल्या वर्षी याच दिवसांत त्या आम्हाला तळ्याकाठी घेऊन गेल्या. झाडं लाल-पिवळी झाली होती, वाऱ्याने कान दुखत होते, आणि त्या चालता चालता या शहराची गोष्ट सांगत होत्या. मला निम्मीच कळायची. पण जी कळली ती अशी कळली की जणू मला आधीच माहीत होती.

म्हणजे बघा, शिकागो हे चिखलातलं गाव. तळ्याच्या काठाला सपाट, पाणथळ जागा, एक मंद नदी, आणि काठाने रानकांदा उगवायचा. त्या उग्र वासाच्या रानकांद्यावरूनच मूळच्या लोकांनी जागेला नाव दिलं, असं म्हणतात. मला लगेच अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या आठवल्या. मग त्या मूळच्या लोकांना इथून हलवलं. हे सांगताना हेलनबाईंचा आवाज खाली गेला. मग कालवा खणला, आगगाड्या आल्या. आजूबाजूच्या सपाट मुलखातलं धान्य, लाकूड, गुरं, सगळं इथे यायचं आणि इथून जगात जायचं. रोह्याच्या गिरण्यांत गावोगावचं भात यावं तसं, पण आभाळाएवढं. शहर सुजल्यासारखं वाढलं. आणि मग आगीत जळालं. जळलेल्या घरांच्या विटा, दगड, राख, सगळं त्यांनी तळ्यात लोटलं. “आत्ता तुम्ही उभ्या आहात ना, ते त्याच्यावरच,” हेलनबाई म्हणाल्या. मी पायाखाली पाहिलं. गवत होतं, त्यावर एक मूल चेंडू खेळत होतं.

नंतर काठावर मजल्यांवर मजले चढले, तरी तळ्याकडची जागा लोकांना फिरायला बरीचशी मोकळी ठेवली. हे मला फार आवडतं. माझ्यासारखी पोळ्या लाटणारीही तिथे जाऊन बसते, कुणी ऊठ म्हणत नाही. आणि घाण पाणी नदीतून पिण्याच्या तळ्यात जायचं म्हणून त्यांनी काय केलं, तर नदीच उलटी वाहायला लावली. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना त्याचं नवल वाटलं नाही.

“मंग ती घान खालच्या गावाला ग्येली असंल,” ते म्हणाले.

“व्हय, ग्येली. त्या गावांनी तक्रार केली म्हनतात.”

“करनारच. आपन खांड बुजवली का पानी शेजारच्या बांदावर चढतं. पानी कुटं जात नाय गो बाय, दुसऱ्याकडं जातं.”

पण मला खरी सांगायची होती ती वेगळीच गोष्ट. ती मी मुद्दाम राखून ठेवली होती, कारण तिकडे घरात एक भांडण पेटलं होतं.

हल्ली उधाणाचं पाणी खांड न जाताच अंगणात येतं. बांधावरून, उघाडीतून, जमिनीखालून, कुठून ते कळत नाही. भिंतींना ओल धरते, मिठाने गिलावा फुगून गळतो. संतोषने चौकशी केली. उत्तरेकडची माणसं येतात, भिंतींखाली लोखंडी जॅक लावतात आणि अख्खं घर वर उचलतात. मग खाली नवं जोतं बांधायचं. संतोषला ते पटलं. बाबांना नाही. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज बांधावरचाच.

“घर उचलायची वस्तू हाय का रं? उचलतात ते मढं!”

संतोषने मला फोन केला. “ताय, तूच समजव. माजं ऐकत नाय. म्हनतात, तुमी जावा अष्टमीला फ्लॅट घेऊन, मी हितंच पान्यात बसतो. पोरीला खोकला धरलाय ओलीनं. या साली नाय झालं तर मना खरंच जावं लागंल.”

म्हणजे घर उचललं नाही तर घर सुटणार होतं. बाबा एकटे खाडीवर, भाऊ अष्टमीला, मी इथे. माझ्या जिवाला घोर लागला. आमचे हे म्हणाले, “तू इथून काय करणार? पोळ्या करपवू नको म्हणजे झालं.” मी काय करणार होते? गोष्ट सांगणार होते.

म्हणून एका सकाळी, म्हणजे बाबांच्या दिवेलागणीला, मी सांगितली. हे शिकागो चिखलात रुतत होतं, बाबा. गटाराला उतार मिळेना, साथी यायच्या. तेव्हा त्यांनी शहर उचललं. खरंच उचललं. विटांच्या मोठाल्या इमारतींखाली माणसं रांगेने उभी केली, प्रत्येकाकडे लोखंडी स्क्रू. शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम थोडासा फिरवायचा. वर हॉटेलात माणसं जेवत होती, झोपत होती, चहा पीत होती, आणि हॉटेल वर चाललेलं. मी हेलनबाईंनी दाखवलेलं चित्र पाहिलंय.

“आत मानसं होती?” बाबांनी विचारलं.

“आतच.”

“नि जुना रस्ता?”

“तो खालीच ऱ्हायला. वर माती टाकून नवा केला. कुटं कुटं पयला मजला होता त्याचं तळघर झालं.”

बाबा अगदी हळू म्हणाले, “तुज्या आयशीचं उखळ खाली जाईल गो.”

तेव्हा मला कळलं की भांडण भिंतींचं नव्हतंच. मधल्या घरात जमिनीत बसवलेलं दगडी उखळ आहे. आई जन्मभर त्यात कांडायची, तिच्या मुसळाने त्याची कड एका बाजूने झिजली आहे. तिचा शेवटचा आजारही तिने त्याच्याशेजारी, त्याच जमिनीवर काढला. भिंती वर जाणार, जमीन खालीच राहणार आणि भरावात पुरली जाणार. मी एवढंच म्हणाले, “मी रोज चालते ना बाबा, ती सगली जळलेली घरंच हायत पायाखाली. पन शहर त्यांच्यावरच उबं हाय. टाकून दिलं नाय कुनी.”

दोन-तीन दिवसांनी संतोषचा फोन. आनंदाने ओरडत होता. “ताय, हो म्हनाले! काय सांगितलंस गो?” आणि मग आवाज उतरला. “पन एक अट घातलीय. मी आतच बसनार म्हनतात. शिकागोत मानसं आत होती ना, मंग मी बी आत.”

ही मीच लावलेली आग. शिकागोच्या हॉटेलांत जमीन लाकडी फळ्यांची होती, ती भिंतींबरोबर वर गेली. आमच्या घराची जमीन मातीची. भिंत कलली तर? विटा सुटल्या तर? मी फोनवर विनवलं, रागावले, रडले. बाबांचं एकच, “तुज्या गोष्टीतलं कोन मेलं का? नाय ना? मंग.”

काम कापणीनंतर, जमीन वाळल्यावर झालं. जॅकवाल्यांच्या मुकादमाने शेवटी मान्य केलं: पहिल्या दिवशी फक्त दोन बोटं उचलणार, तेवढा वेळ आजोबा मध्यभागी बसतील, डोक्यावर हेल्मेट घालून. तिकडे अजून ऊन होतं आणि इथे पहाट, तळ्यावरून गार वारा येत होता. मी बाकावर बसून फोनमध्ये बघत होते आणि देवाचं नाव घेत होते. संतोषने दारातून फोन धरला होता. मधल्या घरात खुर्ची, खुर्चीवर बाबा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात चहाचा कप, पायाशी उखळ.

शिट्टी वाजली. काहीच झालं नाही. पुन्हा शिट्टी. कुठेतरी लाकूड कुरकुरलं. आणि मग भिंतीच्या खालून उजेड आला.

उजेडाची बारीक रेघ, चारी बाजूंनी. घरात इतक्या खालून उजेड आलेला आम्ही कुणी कधी पाहिला नव्हता. बाहेरच्या कोंबड्यांचे पाय दिसले. बाबांनी कपातून मान वर केली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं.

“अरं संतोष,” ते म्हणाले, “घर चाल्लं. मी हितंच हाय!”

जॅकवाले हसले, संतोष हसला, फोन हलायला लागला. मी तळ्याकाठी एकटी हसत होते आणि डोळे पुसत होते. शेजारून पळत जाणारा एक माणूस थांबून मला विचारून गेला, ठीक आहात ना? मी म्हणाले, हो, घर वर गेलं.

पुढे ते कंबरेइतकं वर गेलं. नवं जोतं झालं. मग आतला भराव. उखळ काढून वर घेऊ या, असं संतोष म्हणाला, पण बाबांनीच नको म्हटलं. “ऱ्हाव दे तिला खाली. घर तिच्यावर उबं ऱ्हाईल.” भराव वरपर्यंत आला आणि शेवटचा थर राहिला, तेव्हा बाबांनी काम थांबवलं. संतोषला, सुनेला, नातवंडांना, सगळ्यांना रांगेत उभं केलं. प्रत्येकी एक घमेलं. मी हे सगळं फोनवर पाहिलं. धाकट्या नातीचं घमेलं म्हणजे तिची खेळातली बादली होती. बाबांनी स्वतःचं टाकलं, कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि त्या नव्या, उंच, रिकाम्या घरात बांधावरच्यासारखे ओरडले.

“कोनाचं ऱ्हायलं?”

“झालं, बाबा,” संतोष म्हणाला. “कुनाचं नाय.”

“एक ऱ्हायलं,” बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, पाहिलंही नाही.

आज पुन्हा ऑक्टोबर आहे. तळं दगडांवर आपटतंय. तिकडे राता पिकला असेल. गेली पुनव बरी गेली, अंगणात पाणी आलं पण जोत्याला शिवून परत गेलं, नातीचा खोकलाही थांबला. घरात सगळीकडे फरशी बसलीय. फक्त मधल्या घरात, उखळाच्या बरोबर वर, एका घमेल्याएवढा खड्डा आहे. बाबा तो भरू देत नाहीत. फळी टाकली तर काढून ठेवतात.

मी कधी जाते, काय करते, व्हिसा, विमान, एकटीने एवढा प्रवास, परत येऊ देतील ना, या विचारांनी माझं हेही वर्ष झिरपून गेलं. काल संध्याकाळी कामावर असताना संतोषचा फोन आला. आवाजावरून कळलं, चिडला होता.

“ताय, सकाली परत ठेच लागली त्या खड्ड्यात. अंगठा सुजलाय. आता येतेस का मीच टाकू तुजं घमेलं?”

“खबरदार!” मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका लाटायच्या थांबल्या.

पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर आले आणि ह्यांना फोन लावला. म्हटलं, “तिकीट काढा. माझं राहिलंय.”